जास्तीचा घास

मी हॉर्नवर तळवा दाबला तो काढलाच नाही. समोर प्लँटचं दार सताड उघडं, आत दिवे चालू, आणि माझा नवरा बाहेर यायचं नाव घेत नव्हता. मागचा डोंगर पेटला होता. गाडीच्या काचेवर राख पडत होती. दुपारच्या आत गाव रिकामं करा, असं पोलीस सकाळीच घरोघर सांगून गेले होते. सगळे निघून गेले, आणि मी इथे किड्यांच्या दारात गाडी लावून बसले होते.

किडे म्हणजे जिवाणू. आमच्या खोऱ्यात सगळे त्यांना किडेच म्हणतात आणि माझ्या नवऱ्याला, मिलोला, किड्यांची आई. कोळशासाठी इथले डोंगर फोडले, नको असलेला दगड दरीत ओतला. बर्फ वितळलं की पाणी त्या दगडांतून झिरपतं आणि विषारी सेलेनियम घेऊन ओढ्यात उतरतं. ट्राउट माशांची पिल्लं वेडीवाकडी निपजायला लागली, तेव्हा कुठे खाणवाल्यांनी हा प्लँट बांधला. टाक्यांत किडे असतात, त्यांना साखर कारखान्याची मळी खायला घालायची, आणि ते पाण्यातलं सेलेनियम ओढून घेऊन त्याचा लाल गाळ करून टाकतात. ऐन तारुण्यात मिलो तोच दगड डंपरने दरीत ओतायचा. आता उतारवयात त्याच दगडाचं पाणी धुवायला बसला होता. याबद्दल तो कधी चकार शब्द बोलला नाही. पण सुट्टीच्या दिवशीसुद्धा ओढ्यापर्यंत एक चक्कर मारून आल्याशिवाय त्याला जेवण जात नसे.

"मिलो! आत झोपलास की काय?"

तो आला एकदाचा. कोपरापर्यंत हात मळीने बरबटलेले.

"आलो गं बाई, किती बोंबलशील!"

"तिकडे घर जळायची वेळ आली आणि तू इथे..."

"घराचा विमा आहे. यांचं कोण आहे?"

"मग त्यांनाच बसव शेजारी. मी जाते चालत."

तो हसला, पण गाडीत बसल्यावर वळण येईपर्यंत मागेच बघत होता. मला इतका राग आला होता की वाटेतला एकही खड्डा मी चुकवला नाही. इतक्या वर्षांच्या संसारात मी एकदा आजारी पडले, तेव्हा या माणसाने मला डब्यातलं सूप गरम करून दिलं होतं, तेही करपवून.

खालच्या गावातल्या आइस हॉकीच्या हॉलमध्ये आमची सोय केली होती. खाटा, ब्लँकेटं, मोठाल्या पातेल्यात मिरची घातलेला राजमा. शेजारच्या खाटेवर आमचाच शेजारी ओटाव्हियो, म्हातारा विधुर, जिभेला हाड नसलेला.

"काय रे मिलो, पोराबाळांना कुणाच्या भरवशावर टाकून आलास?"

"पोटभर जेवू घालून आलोय," मिलो म्हणाला. "वीज गेली तरी मळी आपोआप उतरत राहील असा नळ सोडलाय. तिप्पट खाणं आहे. काळजी नाही."

"वा, वा! माझी आईपण असंच करायची. गावाला जाताना मांजरापुढे अख्खं पातेलं ठेवून जायची."

"मग?"

"मग काय! त्या टोणग्याने एका दिवसात सगळं हादडलं आणि घरभर ओकून ठेवलं. आम्ही परत आलो तर दारातून आत पाय टाकवेना!"

ओटाव्हियो स्वतःच्याच गोष्टीवर खो खो हसला. मीही हसले. मिलोचा चमचा मात्र हवेतच राहिला होता.

"व्हर्ना," तो म्हणाला, "मी हे काय करून बसलो!"

"काय झालं?"

"उपाशी राहिले असते तर तगले असते गं. सुस्त पडले असते, पण तगले असते. वीज जाऊन पाणी थांबणार, आणि वरून एवढी मळी. सगळं सडणार. नव्या पोरांना मीच ओरडतो ना, मळी घालताना हात आवरा म्हणून? मीच ओरडतो!"

"मग केलंस कशाला?"

"त्यांना उपाशी टाकून जाववेना."

तो उठलाच. मीही मागे धावले, एकट्याला कसा सोडू? आमच्या गावाच्या तोंडाशी रस्ता बंद केला होता. कोवळी पोलीस पोरगी खिडकीशी आली.

"माणूस अडकलाय का कोणी आत?"

"माणूस नाही," मिलो म्हणाला.

"मग जनावर?"

तो विचारात पडला. "जनावरही नाही म्हणता येणार."

"काका, गाडी वळवा."

त्याच्या जागी मी असते तर सरळ सांगितलं असतं, आजी अडकलीय म्हणून! पण हा पडला खरं बोलणारा. गाडी वळवली. त्यानंतर तो त्या हॉलमध्ये भिंतीच्या कडेकडेने नुसत्या येरझाऱ्या घालत होता. लोकांनी पाय आखडून घेतले, काहींनी शिव्या घातल्या, पण तो काही थांबला नाही.

पुढे वारा फिरला आणि आग डोंगरापलीकडे गेली. आमचं घर वाचलं, ओटाव्हियोचं लाकडाचं खोपट तेवढं गेलं. प्लँटच्या फाटकाशी पोहोचलो तर सडक्या अंड्यांचा वास नाकात शिरला. सेलेनियमच्या लाल गाळाच्या टाक्या काळ्याठिक्कर पडल्या होत्या.

कर्टिस, मिलोचा साहेब, वयाने आमच्या मुलाएवढा. नाकाला रुमाल लावून म्हणाला, "मिलो, वीज गेली म्हणून झालं हे. वर तेच कळवतो. तुम्ही काही बोलू नका."

"वीज गेली होती," मिलो म्हणाला. "पण नळ मी सोडला होता."

"अहो, कोण विचारतंय तुम्हाला!"

"मी सांगतोय."

त्याला कोणी काढलं नाही. काढलं असतं तर बरं वाटलं असतं, असं तो मला म्हणाला. शरद ऋतूत त्याची निवृत्ती ठरलेलीच होती, ती झाली. दुसऱ्या खाणीवरून किड्यांचा गाळ आणून टाक्यांत घातला, पण थंडीत किडे वाढता वाढत नाहीत. तोवर दगडांतून आलेलं पाणी तसंच ओढ्यात जात राहिलं.

तो हिवाळा मी कसा काढला, माझं मला माहीत. हा माणूस पाच मिनिटं एका जागी बसेना. ओढा वरून गोठलेला, तरी काठाशी जाऊन उभा राहायचा. "वर बर्फ आहे गं, खालून चालूच आहे," एवढंच म्हणायचा. एकदा मीच चिडले, "मुद्दाम केलंस का तू? मायेनेच केलंस ना?" तर म्हणाला, "माशांना त्याचं काय?"

वसंतात, माशांच्या अंडी घालण्याच्या दिवसांत, कर्टिसचा फोन आला. तो इतक्या मोठ्याने बोलत होता की मला ओट्याशी ऐकू येत होतं.

"मिलो, टाक्यांत किडे वाढायला लागले! पाणी स्वच्छ उतरतंय. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतोय."

"छान झालं. खरंच छान झालं," मिलो म्हणाला. मग जरा थांबून त्याने विचारलं, "आणि मधल्या दिवसांत जे खाली गेलं, त्याचं काय?"

मग कर्टिस हळू काहीतरी बोलला, ते मला ऐकू आलं नाही.

"हो," मिलो म्हणाला. "बरोबर आहे. ते आता परत कुठून आणणार?"

घरात कोणी झोपलं असावं, इतक्या हलक्या हाताने त्याने फोन खाली ठेवला.