ताईने सोडलेला धडा

ताई पुस्तकाचं पान उलटते तेव्हा वाळल्या पळसपानांतून वारा गेल्यासारखी सळसळ होते. साताऱ्याच्या आमच्या शाळेत ती विज्ञान शिकवायची. जास्वंदीचे भाग सांगताना तिची बोटं पाकळ्यांसारखी उमलायची आणि सगळा वर्ग बागेत जाऊन बसायचा. पण मानवी प्रजननाचा धडा आला, की तिचा अंगठा अलगद चार पानं एकदम उचलायचा आणि खिडकीबाहेर बघत ती म्हणायची, "हे घरी वाचा." बाकीची पोरं सुटायची. मी पडलो तिचा धाकटा भाऊ. घरी गेलो तर घरीही तीच!

निवृत्तीनंतर ती सिंगापूरला, टॅम्पिनीसच्या आमच्या फ्लॅटवर राहायला आली, त्याच सुमारास माझ्या तेरा वर्षांच्या ईराच्या शाळेचा निरोप आला. लैंगिकता शिक्षणाचे तास सुरू होणार होते; मुलीला बसवायचं नसेल तर पालकांनी कळवावं. दहा माणसांत नकला करून हशा पिकवणारा मी फोनवरच्या 'नको'वर अंगठा धरून घामाघूम.

"बाबा घाबरला, लाह!" ईरा सिंगापुरी शेपूट लावून ओरडली. मग एकदम हळू झाली. "आत्या, वर्गात सगळ्यांना माहितेय. मी नुसती हसते, कळल्यासारखी."

ताईने माझ्या हातातून फोन काढून घेतला. "बाळ्या, जाऊ दे तिला. आणि तू खाली जाऊन कॉफी पिऊन ये."

गेलो कुठला! स्वयंपाकघरात धुतलेलीच भांडी पुन्हा विसळत राहिलो. समोरच्या ब्लॉकच्या खिडक्यांबाहेर काढलेल्या बांबूंवर वाळणाऱ्या कपड्यांतून गाळून आलेलं ऊन त्या दोघींच्या मध्ये उघडलेल्या ईराच्या विज्ञानाच्या पुस्तकावर पसरलं होतं. ताईचा आवाज आधी अडखळला, मग सरळ वाहू लागला. 'गर्भाशय' हा शब्द ती अशा मायेने उच्चारत होती, जणू ओळखीच्या घराचा पत्ता सांगतेय. "नको वाटलं तर मोठ्याने नको म्हणायचं. लाजायचं नाही." मध्येच ईरा "ई, आत्या!" म्हणून किंचाळली आणि दोघी खिदळल्या.

ईरा खेळायला गेल्यावर ताई पुस्तक मिटून बसून राहिली. "शेवटच्या बाकावर एक मुलगी होती रे," ती म्हणाली. "पहिल्यांदा पाळी आली, तर आपण मरतोय असं वाटून रडत होती. मी तिला काही न सांगता घरी पाठवलं."

तिला त्या मुलीचं नावही आठवेना. वर्षं सरतात, वर्ग पांगतात, चेहरे पुसट होत जातात. पण जिला आपण उत्तर दिलं नाही, ती मुलगी आपल्या आठवणीत कधीच मोठी होत नाही.