चाळीस वॅटची पैज

पैज लागली ती सहादूआप्पांच्या ओट्यावर, झेंडूच्या ढिगाशेजारी. तोंड अर्थात माझंच उघडलं होतं.

सत्त्याण्णव साल. हिरावाडीतली आमची गल्ली. रोज साडेपाचला ओट्यावर तीन पत्ती बसायची. खेळायला चार जण. एक मी, वाल्मीक, भाजीवाला. दुसरे सहादूआप्पा, फुलं पिकवणारे. तिसऱ्या त्यांच्या घरच्या, गोजरामावशी, मांडीवर अर्धा हार आणि हाराखाली झाकलेले पत्ते. आणि चौथा ज्ञानेश, माझा शेजारी, वायरमन. पैशाला हात नाही, सगळा खेळ चिंचोक्यांवर.

ज्ञानेश तसा अर्धाच वायरमन. वीस वर्षं अंबडच्या कारखान्यांत तारा ओढत होता, पण सरकारी परवाना नव्हता. परीक्षा दोनदा देऊन झालेली. लेखी पास, तोंडीला नापास. समोर साहेब बसला की याची जीभ टाळूला चिकटायची. हाताला सगळं यायचं, तोंडाला काही नाही. आता दिवाळीआधी तिसरी खेप होती.

त्या दिवशी पत्ते पिसता पिसता तो म्हणाला, "या वेळी होणार. रोज दोन तास अभ्यास करतो."

"आणि पत्ते?" मी विचारलं.

"पत्तेही खेळणार."

"म्हणजे पुस्तक हातात न्‌ राणी डोक्यात. नापास!"

"पास झालो तर?"

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक खांब होता. त्याचा दिवा सहा महिने बंद. मी तिकडे बोट केलं. "तर मी त्या खांबाशेजारी दुसरा खांब होऊन उभा राहीन. माझ्या डोक्यावर तूच बल्ब बसव. एक तास. हलणार नाही, बोलणार नाही."

"न बोलता? तू?" गोजरामावशी एवढ्या हसल्या की त्यांची हाराखालची पानं दिसली. "आन् ह्यो नापास झाला तर?"

"तर बुधवारच्या बाजारात, नदीकाठी गंगेवर, डोक्याला कोबीचं पान बांधून माझी मेथी विकायची. ओरडून."

ज्ञानेशने टाळी दिली. झालं.

आता मी पैज लावली की जिंकायलाच लावतो, आणि सरळ खेळून जिंकण्यात मला कधी गोडी वाटली नाही. दुसऱ्या दिवसापासून साडेपाचला ज्ञानेशच्या खिडकीखाली उभा राहून मी पत्ते पिसायचो. फर्रर्र. आत पुस्तकाचं पान उलटायचं थांबायचं. पुन्हा फर्रर्र. खुर्ची सरकायची. तिसऱ्या फर्रर्रला गडी चपला घालून बाहेर.

पण ओट्यावर आला तरी त्याचा जीव थाऱ्यावर नसायचा. एक पाय शिवणयंत्रासारखा हलत राहायचा. पत्ते उचलायचा, खाली ठेवायचा, घराकडे बघायचा. घरी गेला की ओट्याकडे बघायचा. एकदा मी चाल केली तर हा म्हणतो, "फ्यूज फेजवरच टाकायचा." आणि त्याच्या बायकोने, भाग्यश्रीवहिनींनी सांगितलं की पुस्तकावर डोकं ठेवून झोपेत "पॅक, पॅक" म्हणत होता. मी पोट धरून हसलो. पैज खिशात होती.

मग एका सकाळी वहिनी माझ्या गाड्यावर आल्या. मेथीची जुडी उचलली, परत ठेवली.

"वाल्मीकभाऊ, एक विचारायचं होतं. बाजारात तुमच्या शेजारी बसायला जागा मिळेल का?"

"कोणाला?"

"मलाच. मेथी, शेपू, काहीतरी घेऊन बसेन म्हणते." पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्या म्हणाल्या, "ठेकेदाराने ह्यांना सांगितलंय, दिवाळीनंतर परवाना असलेलाच माणूस ठेवणार. या वेळी नाही झालं तर येऊ नको म्हणाला. ह्यांनी तुम्हाला सांगितलं नाही?"

नव्हतं सांगितलं. रोज दीड तास माझ्यासमोर पाय हलवत बसायचा, पण हे सांगितलं नव्हतं.

"बघू ना वहिनी," मी म्हणालो.

त्या दिवशी मी एका बाईला मेथी म्हणून पालक दिला. दुसरीला पालक म्हणून कोथिंबीर. गाड्यावर बसवेना, घरी गेलो तर घरी बसवेना. खिडकीखालचा फर्रर्र माझ्याच कानात वाजायला लागला. पैज मोडावी म्हटलं, तर ज्ञानेशला कळलं असतं की मी कीव करतोय, आणि मग त्याने माझं तोंड पाहिलं नसतं. पत्ते बंद करावेत म्हटलं, तर हा घरी बसून ओट्याकडेच बघणार.

म्हणून साडेपाचला मी त्याचंच पुस्तक काखेत मारून ओट्यावर गेलो.

"आजपासून नवा नियम," मी सांगितलं. "ज्याला चाल करायची त्याने आधी पुस्तकातल्या एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं. चुकला की पॅक, पत्ते टाकून डाव सोडायचा. मावशी सातवी शिकल्यात, त्या विचारतील."

"हे काय काढलंस?" ज्ञानेश म्हणाला.

"तुझा अभ्यास कच्चा आहे हे चारचौघांत दाखवायचंय मला."

"दाखव!"

मावशींनी चष्मा लावला. "अर्थिंगच्या खड्ड्यात काय टाकत्यात?"

"कोळसा आणि मीठ, आलटून पालटून! चाल!" ज्ञानेशने चिंचोका आपटला.

"शॉक लागलेल्या मानसाला आधी काय करायचं?"

"आधी त्याला हात लावायचा नाही, मेन स्विच बंद! पुन्हा चाल!"

मी गार. दोन वर्षांपूर्वी हाच प्रश्न साहेबाने विचारला होता आणि हा भिंतीकडे बघत बसला होता. आणि आता हातात काय होतं? शो झाला तेव्हा पाहिलं. दुर्री, पंजा, सत्ती. कचरा. त्या कचऱ्यावर गडी छाती काढून बोलत होता.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम त्याची पानं काढून घेतली. "आता सांग, मेगरने काय मोजतात?"

तोंड उघडं. पाय सुरू.

पानं परत दिली. "इन्शुलेशन!"

"काय बाई तरी," मावशी पुटपुटल्या. "रडत्या लेकराच्या तोंडात चुपणी द्यावी तसं झालं."

तीन आठवडे असं चाललं. शेवटी शेवटी सहादूआप्पासुद्धा झेंडू तोडताना मजुरांना विचारायला लागले, "बोला रं, न्यूट्रल मंजी काय?"

परीक्षेच्या दिवशी मी त्याच्याबरोबर गेलो. आत जाताना त्याच्या शर्टाच्या खिशात तीन पानं सरकवली. "टेबलाखाली धर."

"वेडा आहेस का? पकडलं तर?"

"पत्ते आहेत, चिठ्ठ्या नाहीत. जा."

तो आत गेला आणि मग मला कळलं की मी काय केलंय. परीक्षेच्या खोलीत माणूस हातात काहीतरी लपवून बसलाय, आणि साहेबाने ते बघितलं, तर तो काय समजणार? मी फाटकापासून नळापर्यंत आणि नळापासून फाटकापर्यंत एवढ्या फेऱ्या मारल्या की वॉचमन म्हणाला, "काका, लघवी तिकडं हाय."

आयुष्यात शेकडो लोकांच्या खोड्या काढल्या. घाम फुटला तो ह्या एका खोडीला.

अर्ध्या तासाने ज्ञानेश बाहेर आला. शर्ट पाठीला चिकटलेला.

"पकडलं," तो म्हणाला.

मी फाटकाला टेकलो.

"साहेब म्हणाले, हातात काय आहे, टेबलावर ठेव. ठेवलं. त्यांना वाटलं कॉपी. पानं उलटीपालटी करून उजेडात धरून पाहिली. काही लिहिलेलं नाही. मग पानं बाजूला ठेवली आणि म्हणाले, बरं, शॉक लागलेल्या माणसाला आधी काय करायचं?"

"मग?"

"जीभ गेली रे. तेच, गेल्या दोन वेळांसारखं. घर दिसलं, ही दिसली मेथी घेऊन बसलेली. आणि तोंडातून निघून गेलं, साहेब, ती पानं परत देता का, मग सांगतो."

"असं म्हणालास? साहेबाला?"

"म्हणालो. ते बघतच राहिले. मग हसले आणि पानं माझ्याकडे सरकवली. म्हणाले, दे उत्तर, पण कचऱ्यावर चाल करतोयस हं." ज्ञानेशने घाम पुसला. "वीस मिनिटं विचारत होते. मी सांगत होतो. काय झालं असेल देव जाणे."

पुढचे दोन महिने आम्ही दोघंही पाय हलवत बसलो. दिवाळीला ठेकेदाराने निकालापर्यंत मुदत दिली, तीही कुरकुरत. पोस्टमन गल्लीत शिरला की मी गाडा सोडून धावायचो. तो म्हणायचा, "तुमचा परवाना आहे का, की ज्ञानेशचा?"

जानेवारीत पाकीट आलं. पास.

भाग्यश्रीवहिनी पाकीट घेऊन देवापुढे बसल्या. गोजरामावशी मात्र सरळ माझ्याकडे आल्या. "चल. खांब."

दिवेलागणीला गल्ली झाडून जमली. मावशींनी तर उरलेले हार मला घातले, "खांबाची पूजा करावी लागती" म्हणून. ज्ञानेशने साइटवरचं प्लास्टिकचं हेल्मेट आणलं, त्यावर होल्डर बसवला, होल्डरमध्ये चाळीसचा बल्ब. मी म्हणालो, "लाव पटकन, मोकळं कर."

"थांब." त्याने वायर टोकापासून टोकापर्यंत हातातून काढली. एक जोड सोडून पुन्हा केला. टेस्टर लावला. आप्पांच्या घरातला फ्यूज बदलून घेतला. सगळे ताटकळले. "परवान्यावर माझ्या सहीचं पहिलंच काम आहे," तो म्हणाला. "ह्यात घाई नाही."

मग बटण दाबलं आणि मी पेटलो. टाळ्या, शिट्ट्या.

उभं राहणं एक वेळ जमतं. न हलणं भयंकर. नाकाला खाज, मानेवर चिलटं, कोणीतरी माझ्या हाताला भाजीची पिशवी अडकवून गेलं. गल्लीतलं कुत्रं येऊन माझ्या पायाशी जरा विचारात पडलं, ते आप्पांनी वेळेवर हाकललं. चाळीस मिनिटं निघाली.

तेवढ्यात एक स्कूटरवाला माझ्या उजेडात थांबला. दिंडोरीकडचा दिसत होता. खिशातला कागद काढून माझ्याच खाली धरून वाचला, आजूबाजूला बघितलं आणि जवळ मीच होतो म्हणून मला विचारलं, "इथं कोणी परवानावाला वायरमन राहतो का हो? द्राक्षाचं कोल्ड स्टोरेज बांधतोय, फिटिंग करायचंय."

ओट्यावरून मावशींनी बोट ओठांवर ठेवलं.

"तिसरं घर!" मी ओरडलो. "ज्ञानेश! अरे बाहेर ये, गिऱ्हाईक आलंय!"

"खांब बोलला!" मावशी नाचायला लागल्या. "वाल्मीक, पुन्हा पहिल्यापासून! एक तास!"

स्कूटरवाला दोन पावलं मागे सरकला. ज्ञानेश आतून धावत आला, त्याच्याशी बोलत बोलत त्याला घरात घेऊन गेला, आणि जाता जाता माझं हेल्मेट नीट सरळ करून गेला.