तिप्पट वेगाची कळ

तिनं लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर ठेवला, म्हणजे आपटलाच, आणि अण्णांची चाकाची खुर्ची पुढे ओढली.

"तासभर खेळायचं. माझ्यासाठी."

पडद्यावर तिनं बनवलेला बस डेपो होता. तो चालवायचा, गाड्या सोडायच्या, माणसं नेमायची, असा खेळ. त्यात तिनं जीव ओतला होता. मेकॅनिक हात पुसून मगच चहाचा कप उचले. ड्रायव्हर निघण्याआधी टायरला लाथ मारून बघे. आणि लोक काय करत? खेळ सुरू झाला रे झाला की वेग तिप्पट. मग कुठला मेकॅनिक आणि कुठला चहा, नुसती मुंग्यांची पळापळ. शेवटी चिडून तिनं वेग वाढवायला कीबोर्डच्या दोन टोकांच्या दोन कळा एकदम दाबायची अट घातली. तरीही मेले दाबतच.

आज बॉसनं कहर केला. साधा वेग कुणाला नकोच आहे तर काढून टाकू, म्हणाला. ती तावातावानं भांडली, तेव्हा हसून म्हणाला, साध्या वेगात रमलेला एक माणूस आण, शब्द मागे घेतो.

म्हणून अण्णा, तिचे वडील. एके काळी ते पोस्टमन होते, त्यांच्याबरोबर चालायचं तर तिला पळावं लागे. पक्षाघातानं उजवा हात आणि पाय गेले, जीभ जड झाली. शब्द डोक्यात तयार असे, ओठांवर यायला वेळ घेई. तेवढा धीर तिच्याकडे कुठला? त्यांचं वाक्य तीच पुरं करून टाकी. त्यांना त्रास नको म्हणून, असं ती म्हणे.

अण्णांनी डाव्या हातानं बस सोडली. बस फाटकाकडे सरकू लागली.

"ही बस..."

"पोचेल हो. तोवर मेकॅनिककडे बघा ना."

थोड्या वेळानं ते पुन्हा काही म्हणू लागले. तिनं पाणी आणून दिलं. आणलंच आहे म्हणून ते प्याले. मग त्यांनी पडद्याच्या कोपऱ्याकडे बोट केलं, तर तिनं चष्मा पुसून त्यांच्या नाकावर चढवला. अण्णांनी सुस्कारा सोडला आणि दुसरी बस सोडली.

तास संपला. एकदाही वेग वाढवला नव्हता! तिनं फोन उचलला आणि बॉसला लिहायला घेतलं: माणूस सापडला.

अण्णांनी तिचं मनगट धरलं.

"काय झालं? दमलात? चला, पडा जरा—"

मनगटावरची पकड घट्ट झाली. अण्णांचे ओठ हलत राहिले. मधे बोलायचं नाही म्हणून तिनं दात आवळून धरले.

"वेग... वाढव. मघापासून... तेच... सांगतोय."

तिनं पडद्याच्या कोपऱ्यात पाहिलं. तिथं तिनंच लिहिलं होतं: वेगासाठी दोन्ही कळा एकदम दाबा. कीबोर्डच्या दोन टोकांच्या. दोन हातांनी.

"अण्णा, मला वाटलं, तुम्हाला तरी हळू..."

त्यांनी नकारार्थी मान हलवली. पुढचं वाक्य यायला बराच वेळ लागला.

"मी दिवसभर... हळूच असतो गं. इथं तरी... पळू दे."

तिला स्वतःचाच भयंकर राग आला. अर्धवट निरोप तिनं पुसून टाकला आणि दोन्ही हातांनी कळा दाबल्या. बसगाड्या सुसाट सुटल्या. अण्णा खुर्चीत पुढे झुकले, त्यांच्या तोंडाची चांगली बाजू हसली. उद्या ऑफिसात काय तोंड दाखवणार होती ती?

"तो..." अण्णा म्हणाले.

तिचं तोंड उघडलंच होतं. तिनं ते मिटलं.

"तो मेकॅनिक..."

गाड्या येत होत्या, जात होत्या. डेपोत संध्याकाळ झाली, दिवे लागले, पुन्हा उजाडलं. ती हलली नाही.

"...हात पुसतो. मग... चहा घेतो."