दोन बोटांचं अंतर

मिस्त्री गाडी बघायचे ती डोळे मिटून. ठोकलेल्या गाड्यांचे पत्रे सरळ करण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली होती, आणि एवढ्या वर्षांत आपला तळहात डोळ्यांपेक्षा शहाणा झाला आहे, असं त्यांचं ठाम मत होतं. हात फिरवला की खड्डा बुजवायला पुट्टी कुठे भरली आहे, पत्रा कुठे बदलला आहे, सगळं कळायचं. त्यासाठी डोळे मिटण्याची तशी काही गरज नव्हती. पण मिटले की आजूबाजूची माणसं बोलायची थांबतात, हे त्यांच्या फार पूर्वीच लक्षात आलं होतं, आणि निवृत्त माणसाला एखादी हौस असली तर बिघडलं कुठे.

त्या सकाळी जुन्या गाड्यांच्या शोरूममध्येही सगळे गप्प झाले. मधोमध गडद निळी, दोनच सीटची, जमिनीला पोट टेकवून बसल्यासारखी स्पोर्ट्स कार उभी होती. एका बाजूला शोरूमचा मालक, दुसऱ्या बाजूला मिस्त्रींची भाची. तिला घरात सगळे भिंगरी म्हणत, कारण लहानपणी ती एका जागी बसल्याचं कुणालाच आठवत नव्हतं. आता ती चाळिशीला टेकली होती, स्वतःच्या चष्म्याच्या दुकानात अंधाऱ्या खोलीत बसून दिवसभर लोकांचे डोळे तपासायची, आणि इतकी वर्षं बसून काढल्याचा सगळा राग तिला या गाडीवर काढायचा होता. तिच्या आईचा, म्हणजे मिस्त्रींच्या थोरल्या बहिणीचा, याला कडाडून विरोध. दोन सीटची गाडी म्हणजे अर्धी गाडी, असं तिचं म्हणणं. बरीच आदळआपट झाल्यावर मायलेकींचं एवढ्यावर मिटलं की मामाने हात फिरवून हो म्हटलं तर घ्यायची, नाहीतर विषय बंद.

मिस्त्रींनी आधी बॉनेटवर हात फिरवला, मग दोन्ही दारांवर, मग मागच्या फुगीर भागावर. तिथे हात जरा रेंगाळला. पत्रा इतका सुंदर उतरत गेला होता की हात उचलावासा वाटेना. खिशातला फडक्यात गुंडाळलेला लोहचुंबक त्यांनी चार ठिकाणी लावून पाहिला. सगळीकडे घट्ट बसला. पुट्टीचा मागमूस नव्हता.

"गाडीला कुणाचा हात लागलेला नाही," त्यांनी डोळे उघडून सांगितलं.

"तुम्ही म्हणालात म्हणजे प्रश्नच मिटला, मिस्त्री," मालक म्हणाला. भिंगरीने मामाचा दंड दाबला आणि ती मालकाबरोबर काचेच्या केबिनमध्ये कागदपत्रं करायला गेली. जाताना मालकाने मिस्त्रींच्या हातात चहा आणि आपलं व्हिजिटिंग कार्ड दिलं.

रिकाम्या हाताला चैन पडत नाही. मिस्त्रींनी ते कार्ड सहज दाराच्या मागच्या फटीत सरकवून पाहिलं. वरून खालपर्यंत ते एकसारखं सरकलं, कुठे सैल नाही की कुठे अडकत नाही. दुसऱ्या बाजूच्या दारालाही तसंच. मिस्त्री खूष झाले. मग त्यांनी कार्ड बॉनेटच्या फटीत घातलं. तिथे ते एका टोकाला अडलं आणि दुसऱ्या टोकाला हातातून पडता पडता राहिलं.

ते पुन्हा मागे आले. पुन्हा कार्ड घातलं. कंपनीत फटीकडे एवढं कोण बघतो? बॉनेटची फट होती ना, तशीच असते कंपनीची फट. मागची इतकी सारखी ठेवायला कुणीतरी जीव ओतून बसायला हवं. तसं बसणारा एकच माणूस मिस्त्रींच्या माहितीत होता, आणि तो हातात चहा घेऊन उभा होता.

त्यांनी कप खाली ठेवला, दार उघडलं आणि दाराखालच्या पट्टीवरचं रबर हळूच उचललं. आत बोट घातलं. रंगाखाली वेल्डिंगचा एक टाका लागला. पुढे दुसरा. त्यांनी दोन टाक्यांच्या मध्ये आपली दोन बोटं टेकवली. ती बरोब्बर बसली. पत्रा तापून वाकू नये म्हणून टाके अंतर सोडून मारायचे असतात, आणि मिस्त्री ते अंतर मोजायला कधी पट्टी घेत नसत.

सात वर्षांपूर्वीची गोष्ट त्यांना लख्ख आठवली. गॅरेजात दोन गाड्या आल्या होत्या, एकीचं मागचं पार चेपलेलं, दुसरीचं पुढचं. दोन्ही कापून पहिलीचं पुढचं अर्धं आणि दुसरीचं मागचं अर्धं जोडायचं होतं. गॅरेजचा मालक म्हणाला होता, प्रदर्शनात उभी करायची आहे, रस्त्यावर जायची नाही. नुसता पत्रा होता, ना सीट, ना काच, ना रंग. पुढचं काम दुसरीकडे झालं, म्हणून पुरी झालेली गाडी मिस्त्रींनी कधी पाहिलीच नव्हती. तीन आठवडे त्यांनी ते काम केलं होतं. त्यात त्यांना इतकी मजा आली होती की प्रदर्शन कुठलं, हे त्यांनी विचारलं नाही. जोड कितीही देखणा असला तरी जोरात धडक बसली तर तो उघडतो, आणि मग गाडीचे दोन तुकडे होतात. हे त्यांना तेव्हाही माहीत होतं.

आज हात फसला तो याचमुळे. हात चूक शोधत होता, आणि चूक त्यांनी ठेवलीच नव्हती.

केबिनमध्ये भिंगरीच्या हातात पेन होतं. खरं सांगायचं म्हणून मिस्त्री आत शिरले, पण मालकाचं ते अदबीने उठणं पाहिलं आणि जीभ वळली भलतीकडेच.

"नको घेऊस," ते म्हणाले. "इंजिनचा आवाज मला पटला नाही."

"मामा, इंजिन आपण सुरूच केलं नाही."

"म्हणूनच," मिस्त्री म्हणाले.

भिंगरीने त्यांच्याकडे बघितलं. लोकांचे डोळे बघण्याचाच तिचा धंदा होता. पण ठरलं ते ठरलं. तिने पेन ठेवलं, पर्स उचलली आणि बाहेर आली. मिस्त्रींना क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. भाची वाचली, आब राहिला, कुणाला काही कळलं नाही.

फाटकाशी पोचतात तोच एक जोडपं आत आलं. दोघं पन्नाशीपुढची, मुलं मार्गी लावून आता स्वतःची हौस करायला निघालेली. बाई थेट निळ्या गाडीपाशी गेली आणि आत बसण्याआधी चपलांचे तळ पुसू लागली. नवरा हसत होता. मागून मालकाचा आवाज आला.

"आत्ताच मिस्त्रींनी हात फिरवलाय. हात लागलेला नाही म्हणाले. ते बघा, फाटकाशी उभेत. मिस्त्री, बरोबर ना?"

नवऱ्याने लांबूनच विचारल्यासारखा हात वर केला. आणि मिस्त्रींची मान हलली. चाळीस वर्षांची सवय, दुसरं काय. हो म्हणून हलली.

"मला नको म्हणालास," भिंगरी हळू आवाजात म्हणाली, "आणि त्यांना हो?"

बाई आता आत बसली होती आणि शेजारच्या सीटवर थाप मारून नवऱ्याला बोलावत होती.

"तुझी आई म्हणते ना अर्धी गाडी," मिस्त्री शेवटी म्हणाले. "ही खरंच तशी आहे. अर्धी एक, अर्धी दुसरी. मध्ये जोड आहे. माझा."

"यात कुणीतरी बसणार, हे तुला तेव्हा माहीत होतं?"

"मी विचारलं नाही."

"म्हणजे माहीत होतं."

"हो," मिस्त्री म्हणाले.

त्यांना वाटलं, आता ही काहीतरी लागट बोलेल, आणि बोलली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त गाडीकडे बघितलं. मिस्त्री वळले आणि चालत परत गेले. ते अंतर पंचवीस पावलांचं असेल, पण त्यांना ते फार लांब वाटलं.

"ताई, जरा उतरता का," त्यांनी बाईंना म्हटलं. दाराखालचं रबर त्यांनी या वेळी हळूच नाही, पार उपसून काढलं. "तुमचं बोट द्या इथे. उंचवटा लागतोय? हा टाका. आता पुढचा." मग दोन टाक्यांच्या मध्ये त्यांनी स्वतःची दोन बोटं टेकवली. "हे अंतर माझ्या बोटांचं आहे. दोन मोडक्या गाड्यांची ही एक केलेली आहे. केली मी. जोरात धडक बसली तर इथून उघडेल."

नवऱ्याने बायकोचा हात धरून तिला दोन पावलं मागे घेतलं.

"मिस्त्री," मालक म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "अर्ध्या तासापूर्वी हात लागलेला नाही म्हणणारे तुम्हीच ना?"

"मीच. दोन्ही वेळा मीच," मिस्त्री म्हणाले. "तेव्हा जोडली, आणि आज पास केली."

"मी हिला अदलाबदलीत घेतली. मला कुणी काही सांगितलं नव्हतं."

"आता मी सांगितलं."

मालकाने उपसलेल्या रबराकडे बघितलं. रबर परत बसवलं की जोड दिसणार नव्हता, हे दोघांनाही कळत होतं. मिस्त्रींनी खिशातून घराची किल्ली काढली. गाडीवर त्यांनी आयुष्यात कधी ओरखडा काढला नव्हता. लोकांनी काढलेले बुजवण्यातच हयात गेली होती. त्यांनी किल्ली जोडावर टेकवली आणि दाराखालून वर, मागच्या त्या देखण्या उतारापर्यंत, सरळ रेघ ओढली. निळा रंग सालासारखा निघत गेला. मालकाने अडवायला हात पुढे केला होता, तो त्याने अर्ध्यावरच मागे घेतला. मग तो पुढे गेला आणि काचेवरची विक्रीची पाटी त्याने स्वतःच काढली.

भिंगरी केव्हा येऊन मागे उभी राहिली, मिस्त्रींना कळलं नव्हतं. बसस्टॉपपर्यंत दोघं चालत गेली. मिस्त्रींना आपली लाज वाटत होती; तिच्यासमोर वाटत होती, म्हणून जास्त. उजवा हात त्यांनी खिशात ठेवला होता.

"पुढच्या रविवारी एक लाल गाडी बघायची आहे," बस लांबून दिसायला लागल्यावर ती म्हणाली. "येशील?"

"आता मला कशाला नेतेस?"

"दुसऱ्या कुणाला नेऊ?" तिने बसला हात केला. "ये. फक्त या वेळी डोळे उघडे ठेव."