पूजेतली फ्लॉपी

“मना मांगे कानबाईनी रात मुकी जाऊ दिऊ नको, सुनंदा. बठ्ठा गाना म्हणजो.”

आपल्यामागे सगळी गाणी म्हण, हे सासूबाई यशोदाबाईंचं अहिराणीतलं सांगणं देवापुढे वात लावताना सुनंदाबाईंच्या कानात हटकून येई. याच उन्हाळ्यात म्हातारीनं अंथरुणावरून श्रावणात घरोघरी बसणाऱ्या कानबाई देवीची जागरणाची सगळी गाणी सांगितली, तिच्या मुलानं, गिरधररावांनी, ती घरच्या कॉम्प्युटरवर उतरवली, आणि महिन्याभरात म्हातारी गेलीच. सुनंदाबाईंनी, “हो, म्हणेन,” असा शब्द दिला होता. गाण्यांची एक प्रत फ्लॉपीवर होती. तिला हळदकुंकू वाहून त्यांनी देव्हाऱ्यात ठेवलं होतं.

आषाढातली द्वादशी. एकादशीचा उपास सोडून त्या नवऱ्याला प्रसाद द्यायला गेल्या, तर कॉम्प्युटरचा पडदा काळाभोर, वर पांढरी इंग्रजी अक्षरं.

“अहो, याला काय झालं?”

“जुनी सिस्टीम काढून लिनक्स बसवलं! मासिकाबरोबर सीडी फुकट आली. जगभरच्या लोकांनी मिळून केलंय, कुणी पैसा घेत नाही. तुझ्या भंडाऱ्यासारखंच की!”

“बरं. पण गाणी?”

“ती खणातल्या फ्लॉपीवर आहेत ना. कानबाई बसायच्या आधी आपण घर धुऊन काढतो, तसं हे आख्खं पुसून घेतलं.”

सुनंदाबाई देव्हाऱ्याकडे वळल्या. तिथं नुसता हळदीचा चौकोन.

“देवातली फ्लॉपी कुठंय?”

“ही काय, मशीनमध्ये. लिनक्स सुरू करायला एक लागते, ती हिच्यावर बनवली. म्हटलं, नव्या कामासाठी पूजून ठेवलीस. ट्रॅक्टर आणला तेव्हा चावी नव्हती ठेवली?”

“आणि तिच्यावरचं?”

गिरधररावांचं हसू ओठांतच थिजलं. त्यांनी फ्लॉपी बाहेर काढली, उलटीसुलटी केली. कुंकू तसंच होतं.

“तिच्यावर... गाणी होती?”

वाटीतला शिरा कलंडला तरी सुनंदाबाईंना कळलं नाही. त्यांनी पहिलं गाणं म्हणून पाहिलं. एक ओळ आली, पुढं सगळं कोरं. जन्मभर त्यांनी सासूमागे नुसतं ध्रुपद धरलेलं.

“माझ्या हातून आईच पुसली गेली,” गिरधरराव पुटपुटले.

सुनंदाबाईंनी हळूच विचारलं, “धुळ्याच्या बेबामावशींना येतात ना सगळी? आईंच्या थोरल्या बहीणच त्या.”

“तिला आता काही ऐकू येत नाही गं.”

“ऐकायचं मला आहे. त्यांना म्हणता येतं ना?”

नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसायची होती. सुनंदाबाईंनी सांडलेला शिरा पुसला, पिशवीत जपमाळ आणि दोन लुगडी घातली, देवाला हात जोडले, आणि कुणाला बोल न लावता त्या धुळ्याच्या गाडीसाठी स्टँडकडे चालू लागल्या.