एक फोन म्हणजे तीन मिनिटं

८४ टक्के

हा आकडा बॅटरीच्या पेटीवर दिसतो. पेटी शाळेच्या वर्गात आहे, उन्हावर वीज करणारी चार पॅनेल बाहेर ओट्यावर. वर्गात खाटेवर पुंजारामबाबा. गुजरातेत दगडखाणीवर काम करून त्यांची फुप्फुसं गेली. त्यांच्या नाकातली नळी ऑक्सिजनच्या यंत्राला, यंत्र पेटीला, पेटी पॅनेलला. यातलं काही सुटू द्यायचं नाही, एवढंच माझं काम.

पेठच्या वरच्या अंगाला घाटात दरड कोसळली, विजेचे खांब आडवे झाले. नाशिकच्या एका संस्थेनं मला देवळाली कॅम्पातून पाठवलं. गावच्या बारा माणसांनी सामान खांद्यावरून आणलं आणि त्याच संध्याकाळी ओढ्यावरचा फरशी पूल वाहून गेला. आता बाबांना खाली नेता येत नाही. मलाही जाता येत नाही.

*हाजरा, पोचलो. पाऊस आहे. सटाण्याला अजून किती दिवस राहणार ते कळव.*

गेला नाही. मेसेजखाली घड्याळाचं चिन्ह.

७१ टक्के

गावातला रंगनाथ पिशवीत सात फोन घेऊन आला.

"चार्जिंगला लावा, भाऊ."

"नाही लावता येणार."

"का? सूर्य तुमच्या बापाचा हाय का?"

"सूर्य कुठे दिसतोय? ढगातून येतं त्याच्यापेक्षा जास्त यंत्र खातं. एक फोन म्हणजे बाबांची तीन मिनिटं."

त्यानं पिशवीकडे पाहिलं. मग खाटेकडे. मनातल्या मनात सातचा पाढा म्हटला असावा.

"ऱ्हाऊ द्या. मला तरी सासऱ्याबिगर कोन फोन करतंय?"

तो हसला, मीही हसलो. त्यानंतर शाळेकडे कुणी फिरकलं नाही. गावात बातमी गेली, तिथं काही मिळत नाही.

५८ टक्के

फक्त भीमाबाई बोलते. ती बाबांची बायको. नागलीची भाकरी आणते, यंत्राच्या घरघरीवरून मोठ्यानं बोलते.

"बायको कुठं हाय तुझी?"

"माहेरी, मावशी."

"बाळंतपनाला?"

"नाही."

"मंग भांडून गेली."

भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं डबा भरून ठेवला, पाण्याची मोटर बंद केली आणि गेली. तीन महिने झाले.

*हाजरा, तू बोलत होतीस तेव्हा मी मीटर बघत होतो. खरं आहे ते.*

घड्याळ.

४० टक्के

टेकडीच्या माथ्यावर कधीकधी रेंज येते असं रंगनाथ म्हणाला होता. सकाळी पाऊस चालूच होता. यंत्र नीट होतं. भीमाबाईला म्हटलं, "तासाभरात येतो, नळीवर लक्ष ठेव."

चढून वर पोचलो आणि पाऊस थांबला. ढग फाटले. पाच दिवसांत पहिलं ऊन. खरं ऊन! एक तासाचं असं ऊन म्हणजे बाबांचे सहा तास. माथ्यावर फोन हातात धरून मी गोल फिरलो. रेंज नव्हती. पण खाली पेटी भरत असणार, म्हणून बरं वाटत होतं. बसलो थोडा. बराच वेळ बसलो.

मग शाळेकडे पाहिलं. पॅनेल चमकायला हवे होते.

३३ टक्के

ओट्यावर पॅनेल नव्हतेच जणू. दोन पॅनेलवर इरली, पानांची, लावणीच्या वेळी पाठीवर घेतात ती. एकावर घोंगडी. चौथ्यावर खताच्या गोण्या, कडेला दगड ठेवून नीट दाबलेल्या.

"हे काय केलंस?"

"भिजत व्हतं रे रोज. येवढं महागाचं. शेजारनीचं इरलं मागून आनलं."

"त्याला पाऊस लागत नाही! ऊन लागतं! तासभर ऊन होतं, मावशी! सहा तास घालवलेस तू बाबांचे!"

मी ओरडत असतानाच ढग परत मिटले. तिनं एकेक दगड उचलला. गोण्या काढल्या, घोंगडी झटकली. मग माझ्या हाताकडे बघून विचारलं,

"तुझा फोन भरलेला दिसतोय."

मी फोन खिशात घातला.

"रोज भरतोस ना? तीन मिन्टं, रोज?"

बाबांनी डोळे उघडले होते. ते सगळं ऐकत होते.

*हाजरा, एका म्हातारीवर ओरडलो. चूक तिची नव्हती.*

९ टक्के

दोन तासांच्या वर यंत्र चालणार नव्हतं. मी गावात गेलो आणि प्रत्येक दारात हेच सांगितलं. कुणी मला आत बोलावलं नाही. पण रंगनाथ दोरखंड घेऊन निघाला.

"वढ्याचं पानी उतरून कमरंवर आलंय. नेऊ."

बांबूला गोधडी बांधून झोळी केली. पलीकडे वळणावर रेंज असते, पण ॲम्ब्युलन्सला फोन करायचा कशावरून? गावातले सगळे फोन मेले होते. मी माझा काढून रंगनाथला दिला. त्यानं तो डोक्याच्या टॉवेलात गुंडाळला.

नळी मीच काढली. रंगनाथसह चौघांनी झोळी उचलली, बरोबर भीमाबाई गेली. माझ्याकडे वळून पाहिलं नाही.

१०० टक्के

दुसऱ्या दिवशी सकाळपासून लख्ख ऊन पडलं. अकरालाच पेटी भरली. यंत्र बंद, खाट रिकामी. मी दर पाच मिनिटांनी आकडा बघत होतो, जणू तो आणखी वाढणार होता.

रंगनाथ दुपारी आला. चिखलानं माखलेला, एकटाच.

"बाबा?"

"हाय. पलीकडं जाईस्तोवर ओठ निळे पडले व्हते. पन गाडी लगेच आली. आता दवाखान्यात हाय, मावशी बी तिथंच."

मी खाटेवर बसलो. त्यानं टॉवेल सोडून फोन दिला.

"वळनावर गेलो तर हा टुंगटुंग वाजायला लागला. मंग तुमच्या बाईंचा फोन आला. मी उचलला."

तिन्ही मेसेज गेले होते. माझ्याशिवाय.

"काय म्हणाली?"

"तुम्ही जेवता का, इचारलं. म्हनलं, मावशी भाकर घालते."

"आणि?"

"आनि काय? मंग ठेवला." तो उठला. "आता सात फोन आनू का?"

"आण."

तो गेला. माझ्या फोनमध्ये चार टक्के उरले होते. तिचा नंबर लावला. रेंज नव्हती. ओट्याच्या भिंतीला शेजारणीचं इरलं टेकवलेलं होतं, ते परत द्यायचं राहिलं होतं.

फोन तारेला लावला.