सुतळीतली गाठ

“मॅडम, सुतळी इसरलात तुमी,” सुतळी घेऊन वर्गाच्या दारात उभा राहिलेला शाळेचा शिपाई भागवत म्हणाला.

शुभदा मॅडम गडबडल्या. स्नायूंचा धडा त्यांनी नुकताच भिंतीवरच्या टीव्हीवर लावला होता. यंदा त्याला वर्गात बोलवायचंच नाही असं त्यांनी ठरवलेलं दिसत होतं. दयेपोटी केलंय हे भागवतला कळत होतं, तरी ते जिव्हारी लागलं होतं.

एकोणीस वर्षं सातवीचा हा धडा त्याच्याच दंडावर शिकवला गेला. तो बाही वर सारायचा आणि एखादं पोर दंडाला सुतळी गुंडाळायचं. मग तो कोपरात हात वाकवायचा अन् दंड असा टरारून यायचा, की पोराच्या बोटांतून सुतळी निसटायची. त्या मापाची गाठ दर वर्षी त्याच सुतळीत बसायची. तालमीत त्याचं नाव कधी झालं नाही. पण पोळ्याला बैल मिरवावा तसा तो या एका दिवशी मिरवून घ्यायचा.

गेल्या उन्हाळ्यात पाथरीच्या रस्त्यावर तो मोटारसायकलवरून पडला. खांद्यातली नस तुटली. उजवा दंड सुकत सुकत मनगटासारखा झाला. तेव्हापासून तो फुल बाह्यांचाच सदरा घालायचा. आज मात्र मुद्दाम अर्ध्या बाह्यांचा घालून आला होता.

“भागवत, राहू द्या. टीव्हीवर सगळं दाखवलंय.”

“टीव्हीतल्या हाताला सुतळी कशी गुंडाळायची?” तो आत आला. “पोरंहो, स्नायू निस्ता ओढतो, ढकलीत न्हाई. म्हणून जोडीनं ऱ्हातो. फुडला आखडला की हात वाकतो, तवा मागला सैल पडतो. मागला आखडला की हात सरळ.” मॅडमचं ऐकून ऐकून त्याला सगळं तोंडपाठ झालं होतं. बोलताना त्याने डावा हात वाकवून दाखवला, उजवा तसाच लोंबत राहिला.

“मामा, मग तुमचा का वाकंना?” पहिल्या बाकावरच्या राजनंदिनीने विचारलं.



“दंडाला सोताची अक्कल नसती, पोरी. डोस्क्यातून सांगावा यावा लागतो, नसंतून. माझी नस तुटली. मी रोज सांगायलोय, पण त्याच्यापत्तुर पोचतच न्हाई.”

त्याने तिच्या हातात सुतळी दिली आणि डाव्या हाताने उजवा उचलून कोपरात वाकवून धरला. हात वाकला, पण दंड जरासुद्धा फुगला नाही.

“मोज आता.”

राजनंदिनीने सुतळी आवळली. मग मान खाली घालून तिने गाठ मारली, ती जुन्या गाठींच्या अगदी शेजारी. मॅडमनी रुमाल डोळ्यांना लावला. भागवतने दोन्ही पाहिलं. 

“सोड ती गाठ,” तो हळूच म्हणाला. “जितं मोजलंय तितंच बांध.”

गाठ घट्ट बसली होती, नखांनी सुटेना. तिने ती दातांनी सोडवली आणि पाच बोटं अलीकडे नवी बांधायला घेतली. ती बांधून होईपर्यंत भागवत आपला उजवा हात डाव्या हाताने तसाच वाकवून धरून उभा होता.